उलटं दिसलं की सुलटं

आमचे व्याही कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलेले खेकडे आता मेलेले बाहेर काढत होते. उलटी वस्तू ज्याला डोळ्यांनी बघवत नाही असा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

अमेरिकेच्या उत्तरेला, नोव्हाय गावी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होते तेव्हापासूनची खोड. देवळात गेले की आधी लोकांच्या उलट्या चपला सुलट्या करणार, मग देव. माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता पडत होत्या, आणि नवऱ्या मुलाचे वडील दाराशी वाकलेले, हातात कुणाचा तरी बूट. मी ओट्यावर पातेली पालथी निथळत ठेवली तर तीही उताणी करत. "भांडं पालथं बरं दिसत नाही, ताई."

"मग त्यात साचलेलं पाणीही तुम्हीच पुसा," मी म्हणे. पुसतही.

रिटायर होऊन ते फ्लोरिडाला, मी राहते त्या माझ्या लेकीच्या घरी आले आणि घरामागच्या उथळ, खाऱ्या पाण्याच्या लगूनवर त्यांना जन्माचं काम सापडलं. तिथे घोड्याच्या नालेसारखे, टोकदार शेपटीचे खेकडे अंडी घालायला काठावर येतात. लाटेने उताणे पडले की पाय झाडत राहतात आणि उन्हात मरतात. व्याही रोज जाऊन त्यांना सुलटे करत, पाण्यात सोडत. "चला आजोबा, घरी." खेकडे मात्र वर्षागणिक कमीच होत गेले. लॉनचं खत, सांडपाणी, सगळं लगूनमध्ये. काठाला सिमेंटच्या भिंती. व्याह्यांनी फेऱ्या वाढवल्या, दुसरं काय करणार?

मागच्या उन्हाळ्यात पाणी शेवाळाने तपकिरी झालं, आणि त्या संध्याकाळी खेकडे ढिगाने काठावर आले. व्याही हरखले. "पाहिलंत ताई? परत आले सगळे." अंधार पडेपर्यंत एकेकाला उचलून पाण्यात सोडत होते. काही आपल्या पायांनी पुन्हा बाहेर येत होते, त्यांनाही.

सकाळी माझी लेक फोन बघतच आली, सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, वॉटर बॅड आहे. ऑक्सिजनच नाहीये त्यात. ते ब्रीद करायला बाहेर येत होते."

व्याही तसेच पाण्यात उतरले.

त्यांची बायको, आमच्या विहीणबाई, मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मासेमारीच्या दोऱ्यात गुरफटलेली एक मादी त्यांनी रात्री ओल्या टॉवेलात ठेवली होती. डोळे साथ देईनात म्हणून दोरा सोडवायचा राहिला, आणि पाण्यात सोडायची राहिली.

तेवढी जगली.