आय कुंपणात बसली

दिवाळी सरली की आमची कातकरवाडी रिकामी व्हायची. ट्रक यायचा. भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, आम्ही पोरं, सगळं त्यात चढायचं आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत वीटभट्टीवर संसार. पूर्वी आमची माणसं खैराचा कात पाडायची म्हणून कातकरी. कात बंद झाला, नाव राहिलं, आणि पायाची भिंगरीही राहिली.

मी आश्रमशाळेत टिकले, नर्स झाले. आता मुरुडकडच्या एका सरकारी दवाखान्यात आहे. क्वार्टर मिळालंय, नळ आहे, दाराला कडी आहे. तरी दिवाळीनंतर मला त्या घरात बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, कपाट उपसते. नवरा म्हणतो, "अगं, टेक ना जरा." टेकते, आणि लगेच उठते.

मागच्या वर्षी त्याच दिवसांत धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, शेठनं कुंपण घालाया घेतलंय. नदीची वाट बंद होतेय. आय तिथं जाऊन बसलीय, उठंना."

आमची वाडी पालीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. घरं आमची, पण घराखालची जमीन कधीच आमची नव्हती. आजोबांना कुणा जमीनदारानं राखणीला आणून बसवलं होतं. पुढे ती जमीन विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि आता मुंबईच्या एका शेठनं फार्महाऊससाठी घेतली. त्यानं आमच्या घरांना हात लावला नाही. घरं आणि नदी यांच्यामध्ये तारा ओढायला घेतल्या, एवढंच. पण आमचं पाणी, धुणं, मासे, खेकडे, सगळं त्या नदीवर.

रजा टाकली आणि एसटी पकडली. रोह्याला गाडी बदलायला थांबले तर स्टँडवर येरझाऱ्या घालत होते. गाड्यांच्या वेळा बघणारा कंट्रोलर म्हणाला, "ताई, तुमच्या चालण्यानं गाडी लवकर नाही येत."

पोचले तेव्हा सिमेंटचे खांब उभे होते, तारा ताणलेल्या. फक्त वाटेवरची जागा मोकळी होती, आणि तिथं आय बसली होती. तीन दगडांची चूल मांडून भात शिजवत होती. वाडीतले बहुतेक भट्टीवर गेलेले. भावाची बायको पोटुशी होती म्हणून त्यांचं घर त्या वर्षी थांबलेलं, आणि आय तिच्यासाठी थांबलेली. कुंपणाचे मजूर झाडाखाली बिड्या ओढत होते. म्हातारीला उचलायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता. दुपारी तिनंच त्यांना भात वाढला.

"आये, ऊठ," मी म्हणाले. "मी तहसीलदारांना भेटते."

"भेट की. तवर मी हितं हाय."

मी सगळीकडे फोन लावत सुटले. रेंज नव्हती, म्हणून खांबापासून टेकाडापर्यंत आणि टेकाडापासून खांबापर्यंत. शेवटी आय ओरडली, "काय गं चकरा मारतेस? बस."

"मला बसवत न्हाय, आये."

ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "आमी जलमभर उठत आलो. भट्टीवाला म्हनला ऊठ, उठलो. जंगलवाला म्हनला ऊठ, उठलो. आता मी बसलेय तर तू पन ऊठ म्हनतेस."

मी तिच्याजवळ मातीत बसले. मांडी सारखी हलत होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तरी हलतच होती.

रविवारी शेठ स्वतः आला. मांडव्याला बोटीनं उतरून तिथून गाडीनं. वाईट माणूस वाटला नाही, वैतागलेला वाटला.

"मावशी, ही माझी जागा आहे. कागद आहेत माझ्याकडे."

"जागा तुजीच हाय. मी कुटं माजी म्हनते? वाट आमची हाय."

"पलीकडून फिरून जा ना."

"पलीकडनं दरड हाय. ही कशी जाईल?" आयनं सुनेकडे बोट दाखवलं. ती डोक्यावर हंडा घेऊन तिथंच खोळंबली होती. शेठनं तिच्याकडे पाहिलं, मग नदीकडे, मग घड्याळाकडे. तेवढ्यात आमच्या शेजारच्या गावचे पोलीस पाटील आले आणि त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. शेठ जाताना मजुरांना म्हणाला, "इथं दोन्हीकडून तार ओढा. मधली वाट सोडा."

वाट राहिली, डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई जाईल एवढी. समोरून दुसरी आली तर एकीला मागे सरावं लागतं. घराखालच्या जमिनीचं अजून काहीच झालेलं नाही. मी तहसीलला खेटे घालतेच आहे. साहेब बदलले की पहिल्यापासून सांगायचं.

यंदा भाऊ आणि भावजय तान्ह्या मुलीला घेऊन भट्टीवर गेले. आय गेली नाही. कुणी तरी वाडीत राहिलेलं बरं, म्हणाली. मला बरं वाटलं. पण परवा ती न कळवता मुरुडला आली, पिशवीत खेकडे घेऊन.

"करमना गं," ती म्हणाली. "भट्टीवर निदान मानसं तरी व्हती."

खेकड्यांचा रस्सा केला. जेवण झालं. मी म्हणाले, "आये, पड जरा." ती पडली, कूस बदलली, उठली. दारात गेली, परत आली. मी कपाट उघडून बसले होते.

"चल," ती म्हणाली, "तुजा समुद्र तरी दाव."

आम्ही वाळूवरून निघालो. ती पुढे, मी मागे, मग मी पुढे. खाडीच्या तोंडाशी पाणी आडवं आलं, तेव्हा वळलो.