नजमाबींनी उसवलेल्या कवड्या

नेरच्या नजमाबी शिलाईवाल्या साठ वर्षांच्या झाल्या, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. चुकलं तर तिचं, गोड लागलं तर माझं.

आमची पहिली भेट कापसाच्या वाईट सालांतली. बोंडं किडली, वेचणी गेली, बंजारा तांड्यातल्या आम्ही बाया नुसत्या बसून होतो. तेव्हा जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन या नजमाबी आल्या. म्हणाल्या, "दान द्यायच्या गोधड्या शिवू."

"आमच्याच घरी वांधे, अन् दान कायले?" मी विचारलं.

"हात रिकामे राह्यले की डोक्यात नको ते येते, मावशी."

त्या सालांत याला खोटं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

नजमाबी आधी जागा पाहून येत, मगच कात्री धरत. वृद्धाश्रमाची गोधडी हलकी, म्हातारीला एका हाताने ओढता यावी अशी. दवाखान्याची दाट टाक्यांची, रोज धुतली तरी टिकणारी. मी मात्र मनाची राणी. शिशुगृहातल्या तान्ह्या बाळांच्या गोधड्यांना माझ्या लग्नाच्या घागऱ्यावरच्या कवड्या लावल्या, दृष्ट लागू नये म्हणून. तांड्याची रीतच ती. नजमाबींनी सगळ्यांसमोर एकेक उसवली.

"लेकरानं तोंडात घातली तं?"

"माह्या पाच लेकरायनं नाही गिळली!"

"तुम्ही जवळ होत्या, मावशी. तिथं एक नर्स अन् वीस पाळणे."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. सुई ठेवली आणि घरी आले. पुन्हा जायचं नाही, असं ठरवूनच.

आठव्या दिवशी नजमाबी भर उन्हात पायी तांड्यावर आल्या. रुमालात माझ्या कवड्या, एकही कमी नाही. त्या अंध मुलींचं वसतिगृह पाहून आल्या होत्या. तिथे आपली गोधडी कोणती, हे मुलींना कळत नव्हतं.

"कोपऱ्यात हाताले लागंल अशी खूण पाहिजे. कोणाले एक कवडी, कोणाले दोन, कोणाले आडवी. तुमच्याशिवाय कोणाले जमते?"

माफी मागितली नाही, काम दिलं. मी गेले. गोधड्या वाटल्या त्या दिवशी एक पोरगी कोपरा चाचपून ओरडली, "ही माही!" मी नजमाबींकडे पाहिलं, तर त्या डोळे पुसत मलाच म्हणतात, "टाका ढिला आहे, मावशी."

आता साठीची गोधडी मी त्यांच्यासाठी शिवली आहे. हलकी, धुता येणारी, कोपऱ्यात चार कवड्या. नजमाबी, अल्ला तुमची नजर शाबूत आणि गुडघे धड ठेवो. दर दहा वर्षांनी एकच कवडी उसवायची, शेवटची शंभरीला. टाके या वेळी घट्ट घातले आहेत.