मुंग्या न लागलेला गूळ

माझ्या ओळखीच्या माणसांत ज्याच्या शब्दावर डोळे मिटून पाणी प्यावं असा एकच माणूस होता, आणि तो सहसा कोणाला पाणी पिऊ देत नसे. हे माझ्या बायकोचे मामा. मूळचे मालवणकडचे, दहिसरजवळच्या एका शेतकी संशोधन केंद्रात कीटकनाशकांचं भांडार सांभाळत. कोणाच्याही घरी गेले की आधी पेला हुंगत, मग पाणी कशात भरून ठेवता ते विचारत. सांताक्रूझच्या एका लग्नात त्यांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप पाहिलं, 'ह्या पिंपात आधी काय होता?' असं आचाऱ्याला विचारलं आणि उत्तर येण्यापूर्वीच ते आडवं केलं. पंगत तासभर तहानलेली राहिली. पिंपात पूर्वी खोबरेल होतं, असं नंतर निष्पन्न झालं. मामांनी माफी मागितली नाही. 'खोबरेल होता, ता बरा झाला,' एवढंच म्हणाले.

औषधाचा रिकामा डबा कोणी घरी नेऊन त्यात तांदूळ ठेवू नयेत, म्हणून छिन्नीने तीन भोकं पाडल्याशिवाय ते डबा भांडाराबाहेर जाऊ देत नसत. एका साहेबांनी मागितलेल्या नव्या कोऱ्या डब्यालाही त्यांनी भोकं पाडली. साहेब चिडले. 'कुंडीच करतलास मा? झाडाक भोकां लागतंतच,' मामा म्हणाले. घरी आल्यावर दोन आंघोळी झाल्याखेरीज ते नातवाला हात लावत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केंद्राने मागची जमीन साफ करायला काढली. मुदत संपलेली औषधं खड्ड्यात पुरून वर चुना टाकायचा, ही पूर्वीची रीत, पुरणारे मामाच. नोंदवहीप्रमाणे खड्डे दोन. दोन्ही उकरले, माल नव्या पिंपांत बंद करून ट्रकने रवाना झाला. साहेब 'काम पूर्ण' असं लिहिणार, तोच मामा म्हणाले, 'तिसरो खड्डो आसा, सायब.'

एका पावसाळ्यात भांडारात पाणी शिरलं होतं. गळकी पिंपं मामांनी घाईने उतारावर कुठेतरी पुरली; नोंद उद्या करू म्हणाले, ती राहिली. जागाही आता आठवत नव्हती. उताराच्या पायथ्याशी वस्ती होती आणि वस्तीला एकच विहीर.

'निवृत्तीला दोन महिने राहिलेत, मामा,' साहेब समजुतीने म्हणाले. 'वहीत नाही तो खड्डाच नाही.'

'नोंद माझी ऱ्हवली. खड्डो जमनीत आसाच.'

त्याच दुपारी मामांनी जाऊन विहिरीवर फळ्या ठोकल्या. हौसाबाई नावाची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. 'ए मामा, ही विहीर माझ्या सासऱ्यानं खांदली. पानी काय तुझ्या घरनं भरू?'

'भर. पण ह्या पिव नको.'

त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर बसून राहून वस्तीसाठी टँकर मंजूर करून घेतला. मजुरांनी चार ठिकाणी खणलं. काही मिळालं नाही.

मी तेव्हा बातमीदार होतो, पण त्या सकाळी गेलो होतो मामींनी दिलेला जेवणाचा डबा पोचवायला. मामा उतारावर वाकून दर दोन पावलांवर गुळाचा एकेक खडा ठेवत होते. ढेप संपत आली होती.

'मामा, सत्यनारायण घातलाय काय?' एक मजूर ओरडला.

'गप ऱ्हव रे. मुंग्यांका जेवान घालतंय.'

दुपारपर्यंत उतारावरचा खडा न् खडा काळा झाला. फक्त नाल्याकडच्या अकरा खड्यांवर एकही मुंगी नव्हती. मी वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग सरळ त्या खड्यांच्या दिशेने येत होती आणि हातभर अंतरावरून वळून जात होती. मजुरांचं हसणं थांबलं. मी पुष्कळ तज्ज्ञांना भेटलो आहे. त्या दिवशी मात्र मी नकळत पायांतल्या चपला काढल्या होत्या. मामांनी त्या लगेच घालायला लावल्या.

कमरेइतकं खणल्यावर पिंपं लागली. दोन पूर्ण रिकामी होती; माल मातीत गेला होता. नाका-तोंडाला फडकं आणि हातांत रबरी मोजे घालून मामा स्वतः खाली उतरले. 'मियां पुरलंय, मियांच काढतलंय.' त्या जागेतली माती खरवडून पिंपांत भरायला आठवडा लागला. अहवालात साहेबांनी 'खड्डा आढळला' असं लिहिलं होतं. मामांनी ते खोडायला लावून 'भांडारपालाने नोंद न करता पुरला' असं करून घेतलं. ठपका आला. निरोपसमारंभ झाला नाही.

विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली. पाणी स्वच्छ निघालं. साहेब म्हणाले, फळ्या काढा. 'आज नाय पोचला. उद्याचा कोण सांगतलो?' मामा म्हणाले आणि विहीर बुजेपर्यंत साहेबांच्या पाठीस लागले. वस्तीला नळ मिळाला, पण तो पार रस्त्याच्या कडेला. रांग मोठी, चढ उभा. वस्तीने मामांना कधी माफ केलं नाही.

निवृत्तीनंतर मामा दर रविवारी बोरिवलीहून त्या वस्तीत जात. शिव्या खात एक फेरी मारत आणि परत येत. एकदा मी बरोबर होतो. नळावर हौसाबाई दिसली नाही. मामा तिच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. 'आला का पुन्हा विहीर गिळनारा! वाट लावलीस आमची!'

'आवाज बघा कसो खणखणीत आसा,' मामा मला हळूच म्हणाले, आणि भराभर बसथांब्याकडे चालू लागले.

पुढे त्यांचं चालणं बंद झालं. मग रविवारी ते मला पाठवत. परतल्यावर एकच प्रश्न असे : 'जावईबापू, काय म्हणाली?' ती म्हणाली असेल ते मी एक शब्द न गाळता सांगत असे. सगळं ऐकून झालं की मामा कूस बदलून झोपी जात.