घामोळ्याची पावडर

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत, अंधेरीच्या एका कॉलेजात, मी सहा आठवडे पांढरे उंदीर हाताळले. उंदरांची भीती मोजायचं प्रशिक्षण होतं ते. आम्ही दोघीच. मी मालाडची, बँकेतल्या बापाची लेक; ती खारदांड्याची, तिची आई बाजारात मासळी विकायची. सर पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत एकीलाच ठेवणार होते. पहिल्या दिवशीच त्यांनी ते सांगितलं आणि त्याच दिवसापासून मी तिला पाण्यात पाहू लागले.

नियम एकच होता, वासाचा. सेंट नको, सुगंधी तेल नको. अनोळखी वास आला की उंदीर बिथरतात. तिने हे इतकं मनावर घेतलं की घरी मासळीला हात लावणं बंद केलं, खाणंसुद्धा. "आई म्हणते, कोळ्याची पोर वरणभातावर जगतेय, येडी झालीय ही," असं हसत सांगायची. मीही हसायचे.

प्रयोगासाठी उंचावर अधिकच्या चिन्हासारखी एक फळी होती. तिच्या चार फाट्यांपैकी दोघांना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतीआड बसून राहतो, निर्धास्त असला तर उघड्यावर येतो. चौथ्या आठवड्यात आमचे उंदीर भिंतीआडून हलेचनात. तीन दिवस तेच. सर वैतागले. "कुणाच्या अंगाला वास येतोय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवसांपासून उकाड्याने मान सोलवटली होती आणि आई रोज सकाळी घामोळ्याची पावडर थापत होती. चंदन, कापूर, सगळं त्यात. तिला कुणी सेंटमध्ये धरतं का? उंदीर धरतात. हे कळल्यावर मी तोंड उघडलं ते असं: "सर, ती दांड्याची आहे ना. घरी मासळी असते."

ती बेसिनपाशी गेली. कोपरापर्यंत हात धुऊन आली, परत जाऊन पुन्हा धुतले. मग म्हणाली, "सर, महिना झाला मी मासे नाही खाल्ले."

"अगं, घरात वास असतोच ना," सर समजुतीने म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तिला कॉम्प्युटरवर आकडे भरायला बसवलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, हायसं वाटलं.

मी गुपचूप पावडर सोडली. दोन दिवसांत उंदीर उघड्यावर फिरू लागले. सर खूश. तिच्यादेखत मला म्हणाले, "बघ, फरक पडला ना?" खोटं मी बोलले, ते खरं करून दाखवलं उंदरांनी. ती मान खाली घालून आकडे भरत राहिली.

शेवटच्या दिवशी जागा मला मिळाली. ती अभिनंदन करायला आली, मला जवळ घेतलं, आणि माझ्या खांद्याशी वास घेत क्षणभर थांबली.

"पावडर सोडलीस का गं?"

"यंदा घामोळं आलंच कुठे," मी म्हटलं.

तिने माझ्या लाल झालेल्या मानेकडे पाहिलं. मान जाम खाजत होती, पण ती दाराबाहेर जाईपर्यंत मी हात वर नेला नाही.