सहाव्या जागेवरची सिस्टर

माझा थोरला भाऊ छापखान्यात प्रूफं तपासायचा. बत्तीस वर्षं, एकाच खुर्चीत. त्या कामाची पद्धत अशी, की एकजण मूळ कागद मोठ्यानं वाचतो, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसरा छापलेल्या पानावर बोट फिरवत जातो. असं दोनदा झालं की दादा पानाच्या कोपऱ्यात सही करायचा. सही झालेलं पान एकदा यंत्रावर चढलं की मग कुणी कितीही डोकं आपटा, बदलत नसे. दादा गेला त्याला आठ महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत माणूस होता. होता ना. शांतपणे लोकांच्या चुका काढायचा. मी तेच आरडाओरडा करून करते, म्हणून मी भांडकुदळ. तो मला मिरची म्हणायचा.

त्याला एकच नाद होता. कॉम्प्युटरवरचा एक जुनापुराणा खेळ. जमिनीखाली आठ मजले, खोल्या, दारं, राक्षस, पेटारे, आणि सगळ्यात खाली एक शेवटचं दार. आपण सहाजणांची टोळी बांधायची आणि खाली उतरायचं. या खेळावर दादानं एक वही लिहिली होती, 'नवख्यांसाठी'. समासात लाल शाईनं स्वतःच्याच चुका दुरुस्त केलेल्या. ती वही मुळात वहिनीसाठी होती. वहिनी इस्पितळात नर्स, सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं. पाळ्या संपता संपायच्या नाहीत, म्हणून ती म्हणायची, निवृत्त झाले की खेळेन, तोवर तू लिहून ठेव. एका रविवारी मात्र ती दादाशेजारी बसली आणि टोळीतल्या सहाव्या जागेसाठी एक बाई तिनं स्वतः बनवली. चेहरा निवडला, नाव दिलं सिस्टर, आणि काम दिलं जखमा बऱ्या करायचं. दादा म्हणाला, अगं, तलवारबाज हो, मजा येईल. ती म्हणाली, मला दुसरं येतंय काय.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना वहिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर निम्मी आशा आहे. दादानं कागदावर सही केली. वहिनी टेबलावरून परत आली नाही.

आणि मी काय केलं? तेराव्या दिवशी भरल्या घरात सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "सही करताना मला एका शब्दानं विचारायचं होतंस. आणखी वर्षभर तरी जगली असती." वहिनी मला बहिणीसारखी होती आणि माझ्या तोंडाला लगाम कधीच नव्हता, यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. मी तरातरा निघून गेले ती चौदा महिने त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. फोनही नाही.

मग एक दिवस छापखान्यातून फोन आला. दादासमोर बसून वाचणारे गृहस्थ होते. म्हणाले, "तुमच्या भावानं काम सोडलं. काचबिंदू आहे. दोन पुस्तकांत चुका राहिल्या तेव्हा आम्हाला कळलं. तो कुणाला सांगत नव्हता." तशीच उठून गेले. दादानं दार उघडलं, माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाला, "मिरची का? ये. चहा टाकतो." बस्स, एवढंच. भांडणाचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही.

तेव्हा त्याला किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच दिसत होतं, आणि डॉक्टरांच्या हिशेबानं तेही सहा महिन्यांचं. मी विचारलं, "दादा, तुला काय करावंसं वाटतंय?" मला वाटलं कुठं फिरायला ने म्हणेल. तो म्हणाला, "खालचं दार उघडायचंय. दिसतंय तोवर." मी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीनला जाऊ लागले. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या होत्या. वहिनीच्या खुर्चीत मी.

पहिले आठ दिवस त्यानं मला कुठं जाऊच दिलं नाही, नुसती वही वाचून घेतली. जाड चिलखताचे तिघे पुढच्या रांगेत, मऊ माणसं मागे. जखमा बऱ्या करणाऱ्याला चुकूनही पुढे ठेवू नये. जादूगार सुरुवातीला मांजरानं ओरबाडलं तरी मरतो, पण त्याला काढून टाकू नये, पुढे सगळ्यांचा भार तोच उचलतो. पेटारा दिसला की हात घालू नये, आधी कुलूप उघडणाऱ्याला तपासू द्यावं. औषधं निम्मी संपली की मागे फिरावं, कारण परतीचा रस्ताही तेवढाच लांब असतो. पळून जाण्यात लाज नाही. मी म्हटलं, "हे शेवटचं मला जमतं." तो हसला. चौदा महिन्यांनी माझ्यासमोर हसला.

आणि पहिला नियम, लाल रेघ मारलेला: कुठलंही दार ओलांडलं की आधी खेळ जपून ठेवावा, मग श्वास घ्यावा. जपून ठेवायला, म्हणजे सेव्ह करायला, त्या खेळात जागा एकच. नवं ठेवलं की जुनं पुसलं गेलं. "छापखान्यातल्या सहीसारखं," दादा म्हणाला.

रोज बसलं की आधी हजेरी. त्याला पडद्यावरची अक्षरं लागत नव्हती, म्हणून मी वाचायची, तेही छापखान्याच्या पद्धतीनं. "भिंत, स्वल्पविराम. काठी, स्वल्पविराम. बोकड, स्वल्पविराम. चिमटा, स्वल्पविराम. फुंकर, स्वल्पविराम. सिस्टर, पूर्णविराम." भिंत हा ढालवाला, फुंकर हा जादूगार. असली नावं ठेवणारा माणूस बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत चुका काढत होता.

सिस्टरचं नाव राखाडी होतं. मी विचारलं तर म्हणाला, "मेलीय ती. तुझी वहिनी गेल्यावर पंधरा दिवसांनी मी खेळायला बसलो आणि घाईत तिला पुढच्या रांगेत ठेवलं." तेव्हापासून तिचं प्रेत टोळीबरोबर फिरत होतं. लढायला पाचजण, जागा सहा अडलेल्या. मी वही उघडली आणि त्याचीच ओळ त्याला वाचून दाखवली: मेलेला माणूस वाहत फिरू नये, देवळात नेऊन उठवावा, नाहीतर जागा मोकळी करून नवा घ्यावा.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला.

"मग?"

"देवळात उठवायला गेलं की कधी उठतं, कधी राख होतं. राख झाली की नाव पुसलं जातं."

"मग नवी बाई घे."

"नको."

एवढं बोलून त्यानं विषय बंद केला. पण पाचजणांना सहाव्या मजल्याखाली जाता येईना. जखमा बऱ्या करायला कुणी नाही, दर वेळी अर्ध्यातून पळ. दोन महिने गेले. एकदा चहाची कपबशी त्यानं टेबलाच्या कडेबाहेर ठेवली आणि फुटल्यावर म्हणाला, आज अंधार लवकर पडला का गं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. एका मेलेल्या बाहुलीपायी हा माणूस दार न बघताच आंधळा होणार, याचाच मला राग. मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दादा चहा टाकायला आत गेला तशी टोळी घेऊन मी देवळात शिरले. पुजाऱ्यानं विचारलं, उठवू? मी हो म्हटलं. बारीकशी एक घंटा वाजली, एकदाच. सिस्टरच्या जागी राख असं आलं. मी बघत राहिले. टोळी आपोआप देवळाच्या दारातून बाहेर आली, आणि माझ्या बोटांना दोन महिन्यांत लागलेली सवय, दार ओलांडलं की जपून ठेवायचं. बोटांनी जपून ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. जपून ठेवण्याआधी वीज बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर ती राखाडी का होईना, होती तिथं असती. पडद्यावर पाच नावं आणि सहावी ओळ कोरी.

दादा चहा घेऊन आला, भिंतीला हात लावत. खुर्चीत बसला. जरा वेळानं म्हणाला, "हं, वाच."

आणि मी वाचलं. सहाही वाचली. सिस्टर, पूर्णविराम.

अकरा दिवस वाचत होते. आता त्याला नावाचा रंगही कळत नव्हता, राखाडी काय आणि कोरं काय. मी कोऱ्या ओळीकडे बघून वहिनीचं नाव घ्यायची आणि तो मान हलवायचा. घरी जाताना रस्त्यात रडू यायचं. निम्मी आशा आहे म्हणून दादानं सही केली, त्यासाठी मी त्याला चारचौघांत सोलून काढला होता. त्यानं निदान वहिनीला विचारून केली होती. मी तर त्याला न विचारता, त्यानं नको म्हटलेलं असताना केलं, आणि वर खोटं वाचत बसले.

बाराव्या दिवशी फुंकरपाशी माझा आवाज थांबला.

"पुढे वाच," दादा म्हणाला.

"पुढे काही नाही, दादा."

मी सगळं सांगितलं, देऊळ, पुजारी, बोटांची सवय. माझं नाक वाहत होतं, तोंड वाहत होतं. सांगून झाल्यावर पर्स उचलली, कारण असं झालं की मी उठून जाते, जन्मभर तेच केलंय.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला. "उठली तर घंटा तीनदा वाजते. मी गॅसपाशी मोजत होतो. एकच वाजली."

"मग अकरा दिवस माझ्याकडून वाचून का घेत होतास?"

तो डोळे चोळत होता, काही उपयोग नसताना. म्हणाला, "मी बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस. आता चौदा महिने थांबायला मला जमणार नाही गं."

मी पर्स खाली ठेवली. मग त्यानं मला नवी बाई बनवायला लावली. जखमा बऱ्या करणारी, पहिल्या पायरीची, अंगावर साधा कपडा. नाव काय टाकू विचारलं तर म्हणाला, मिरची टाक. आणि मागच्या रांगेत ठेव, नवीन माणसं लवकर मरतात.

शेवटचं दार काही उघडलं नाही. आम्ही सातव्या मजल्यावर होतो तेव्हा त्याचं दिसणं संपलं, आणि पुढच्या वर्षी तोही संपला. पण नवी बाई बनवली त्या दिवशी मी निघताना त्यानं दारापर्यंत येऊन विचारलं, "उद्या तीनला?" मी दुसऱ्या दिवशी अडीचलाच गेले. तो दार उघडं टाकून दोन्ही खुर्च्या पुसत होता.