मोहाचं झाड आणि परराष्ट्र धोरण

मी तेव्हा गडचिरोलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नोकरीचं दुसरंच वर्ष, त्यामुळे कोणाला नको असलेली कामं आपोआप माझ्याकडे यायची. एकदा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, दिल्लीचे एक साहेब जंगल पाह्यला येऊन राह्यले. परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते आहेत. धानोऱ्याच्या आपल्या शिबिरात त्यांचं भाषण ठेवलं. त्यायले मराठी येत नाई, हिंदीही जेमतेम. भाषांतर तुम्ही करा."

मी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. द्विपक्षीय, सार्वभौमत्व, मध्यस्थी, सगळं पाठ केलं.

साहेब दक्षिणेकडचे, बोलायला फार गोड. पण त्या दिवशी धानोऱ्याचा बाजार होता, त्यामुळे आमची निम्मी पोरं बाजारात, आणि बाजाराला आलेल्या बाया पंख्याखाली बसायला सभागृहात. साहेबांचं काही बिघडलं नाही. ते इंग्रजीत म्हणाले आणि मी मराठीत सांगितलं, "प्रवक्त्याचं काम बोलायचं असतं, सांगायचं नसतं."

पुढच्या रांगेतल्या हिरव्या लुगड्याच्या बाईनं मान डोलावली. "आमचा सरपंचही असाच आहे."

मी हे भाषांतर केलं नाही.

पुढे साहेब म्हणाले, शेजाऱ्याशी कितीही भांडण झालं तरी बोलणी तोडू नयेत, दार नेहमी उघडं ठेवावं. त्यावर तीच बाई उभी राहिली. "आमच्या घरी दारच नाई, बांबूची टाटी आहे. पण मी माह्या जावेसंगं तीन वर्षं बोलली नाई. बांधावर मोहाचं झाड आहे. झाड माह्या सासऱ्यानं मले देल्लं, पण फुलं पडतात तिच्या वावरात, अन् ती येचून नेते. साहेबाले विचारा, झाड कोणाचं?"

मागून खांबाला टेकलेली दुसरी बाई ताडकन उठली. "मले काऊन नावं ठेवते? माह्या वावरात पडलं ते माहं!"

हीच ती जाऊ. सभागृहात एकदम गलका झाला. झाड कोणी लावलं, कोणी राखलं, बांध कोणी सरकवला, सगळे साक्षीदार तिथंच बसलेले. मी घाईघाईनं साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सीमावाद!" ते म्हणाले, आणि उभे राहून शांतपणे बोलू लागले. मी जमेल तसं मराठीत आणत गेले. साहेब दोन्ही बाजूंच्या भावनांची कदर करतात. परिस्थितीवर त्यांचं बारीक लक्ष आहे. मात्र हा दोघींचा आपसातला प्रश्न आहे. तिसऱ्यानं मध्ये पडणं आपल्या देशाच्या धोरणात बसत नाही.

"म्हणजे झाड कोणाचं?" हिरव्या लुगड्याच्या बाईनं मलाच विचारलं.

"ते साहेब सांगणार नाहीत."

"काऊन?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले आणि म्हणाले, यावर सध्या एवढंच.

मागची जाऊ पुढे आली. "मंग इतक्या दुरून आला कायले हा?"

"तेच म्हणते मी!" पहिली म्हणाली. "कोट घालून आला अन् एक झाड सांगता येत नाई!"

दोघी बोलत बोलतच बाहेर पडल्या. साहेबांचा कोट, साहेबांचं हसू, साहेबांसाठी पुसून ठेवलेली खुर्ची, एकीनं सुरू केलं की दुसरी पुरं करत होती. मला लाजेनं कुठं लपू असं झालं. शब्दकोशातला एकही शब्द कामी आला नव्हता.

चहा घेताना साहेबांनी विचारलं, त्या दोघी काय म्हणत होत्या? खोटं बोलायचं मला सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. ते खिडकीशी गेले. बाहेर बाजारात दोघी एकाच टोपलीतली वांगी निवडत अजूनही बडबडत होत्या. "इतक्या वर्षांच्या नोकरीत," साहेब म्हणाले, "माझ्यासमोर सुरू झालेली ही पहिलीच बोलणी." मग हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "पण झाड नक्की कोणाचं हो?"

पुढच्या उन्हाळ्यात धानोऱ्याच्या बाजारात ती हिरव्या लुगड्याची बाई भेटली. फुलं आता कोण वेचतं, मी विचारलं.

"एक दिवस ती, एक दिवस मी. ज्या दिवशी भांडण, त्या दिवशी बकऱ्या खातात." मग तिनं काळजीनं विचारलं, "मॅडम, तो मुका साहेब बरा आहे ना?"