मसुऱ्याची चेपलेली निळी गाडी

कोल्हापूरहून सकाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा एकच धडा घोकत होतो : गरज दाखवायची नाही. जुनी गाडी घ्यायला माणसाने नाक मुरडत जावे, असे कचेरीतल्या एका मित्राने बजावले होते. त्याने स्वतः सायकलही कधी विकत घेतली नव्हती, हे मला पुढे कळले.

पाणी मात्र माझ्या गळ्यापर्यंत आले होते. आदल्या वर्षी पत्नीचे, नलिनीचे, खुब्याचे हाड मोडले. काठी सुटली, पण एस.टी.ची उंच पायरी तिला काही साधेना. तिची शाळा सात मैलांवर, आणि रजा संपत आलेली. गाडी जमली नाही तर जूनमध्ये राजीनामा देते, असे तिने इतक्या शांतपणे सांगितले की मला झोप लागली नाही.

घाट उतरून फोंडाघाटला आलो तसा सदरा अंगाला चिकटला. कणकवलीला गाडी बदलली. मसुऱ्याच्या एस.टी.तल्या कंडक्टरने कशासाठी निघालात म्हणून विचारले. मी सांगितले.

"मास्तरांची निळी मां? बरी आसा. बघा तर खरी," असे म्हणून तो जरुरीपेक्षा जास्त वेळ हसला.

दाजी मास्तर निवृत्त शिक्षक. अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली त्यांची गाडी उभी होती. उजवी बाजू पाहून जीव हरखला. डावीकडे गेलो तर चाकावरच्या पत्र्यापासून पुढच्या दारापर्यंत ती पडलेल्या पातेल्यासारखी चेपली होती. मित्राने शिकवल्याप्रमाणे मी नाक मुरडले.

"बैलाने शिंग मारले. बाकी प्रकृती उत्तम," मास्तर म्हणाले. मग ब्रेक, इंजिन, खालचा पत्रा यांची त्यांनी स्वच्छ पुस्तकी मराठीत स्तुती केली. पाण्यासाठी घरात हाक मारली ती मात्र मालवणीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मीही कुठे हरिश्चंद्र होतो? गाडी कोणासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी "सहज, हौस म्हणून" असे ठोकून दिले.

जेवायला बांगड्याचे तिखले (झणझणीत दाट कालवण) होते. घाटावरच्या माणसाला मासा सोलता येत नाही, हे पाहून मास्तरीणबाईंनी मला चमचा दिला आणि वर दया दाखवली. जेवताना मास्तर म्हणाले की गावची वस्तू गावाबाहेर जायची तर देवाला सांगावे लागते, आधी गाऱ्हाणे (देवापुढे मोठ्याने घातलेली विनवणी) होऊ द्या, मग व्यवहाराचे बोलू. नारळ मीच आणला.

देवळासमोर गाडी उभी केली. गाऱ्हाणे घालायला म्हातारे बाबी गुरव आले. आठ वर्षे प्रत्येक जत्रेला ते याच गाडीत डावीकडे बसत आले होते, म्हणजे तिची नाडी त्यांना ठाऊक. त्यांनी नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, मास्तरांची ही गाडी आज घाटार जाऊक निघाली आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघे म्हणालो.

मग गुरवांनी मनापासून देवाला सगळे सोपवायला सुरुवात केली. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नाहीत, ते पहिल्यांदाच लागू देत. चढावर इंजिन तापते, ते थंड राहू दे. खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला आहे, तो टिकू दे. दर वेळी मास्तरांना "व्हय म्हाराजा" म्हणावेच लागत होते, आणि दर वेळी त्यांचा आवाज एक पायरी उतरत होता.

"मास्तरान ती गडग्यार (दगडी कुंपणावर) घातलेली, तेव्हापासून डावो दरवाजो वळणार आपसूक उघडता. तो झाकलेलो ऱ्हवांदे रे म्हाराजा."

बैल गेला आणि गडगा आला. मला हसू फुटणार तोच आठवले की डावीकडे बसणार नलिनी. नाही घ्यायची ही गाडी, मी मनात ठरवून टाकले.

तेवढ्यात गुरवांनी डोळे उघडले. "पाव्हण्यांनू, आता तुमचा काय ता खरा सांगा."

देवापुढे हौस कशी सांगणार? मी खुबा, पायरी, शाळा, राजीनामा, सगळे सांगून टाकले. गुरव पुन्हा देवाकडे वळले.

"ह्येच्या घरकारणीक एस्टीची पायरी चढूक जमणा नाय. तिका ह्या गाडीत सुखान बसव आणि सुखान उतरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मास्तर म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज मोठा होता. मग माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "दरवाजो बरो केल्याशिवाय गाडी न्हेव नको. माका आधी सांगूचा नाय?"

पुस्तकी मराठी संपली होती. आता या माणसाशी व्यवहार करायला हरकत नव्हती.

गावच्या लोहाराने दोन दिवस घेतले. दाराला नवी कडी बसली, खाली जाड पत्रा ठोकला गेला, ब्रेकही ठीक झाले. चेपलेला पत्रा तसाच ठेवला, त्याने कोणाचे काही अडत नव्हते. दोन दिवसांत मी मासा सोलायला शिकलो. निघताना मास्तरांनी ते दार स्वतः दहादा लावून पाहिले. घाटात मी तीनदा थांबून इंजिन निवू दिले.

पुढे मी आणखी दोन गाड्या घेतल्या, गुळगुळीत अंगाच्या, गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांकडून. त्या गाड्यांचे रोग मला रस्त्यात एकेक करून कळले. विकत घेण्यापूर्वी जिची संपूर्ण कुंडली ऐकली अशी ती निळी एकच.

जूनमध्ये शाळा उघडली. शाळेच्या फाटकाशी नलिनीने गाडीचे दार उघडले, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मी धावत पलीकडे गेलो, पण तिने माझा हात धरला नाही. पिशवी खांद्याला लावून ती आत गेली. मी परत येऊन बसलो. किल्ली हातात होती, पण बराच वेळ समोरचे काही नीट दिसेना.